जाप

“आनी आतां पपाच्या बरेपणाखातीर एक ‘आमच्या बापा’,” फोनमधून आल्विन म्हणाला, आणि मी नेहमीसारखी जाप द्यायला लागले. ‘आमचो दिसपट्टो गिरास…’ गिरास म्हणजे घास. आमचा रोजचा घास आज आम्हांला दे. त्या घासाशीच माझी जीभ अडली. पपाच्या बरेपणाखातीर? इनासला, माझ्या नवऱ्याला, मातीत ठेवून वर्ष उलटून गेलं होतं, आणि तेव्हापासून आल्विन रोज ‘पपाच्या आत्म्याखातीर’ म्हणत आला होता. एका पावसाळ्याने सिमेतीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, त्याच्या खुरसावरचं, क्रूसावरचं नाव पुसट केलं होतं आणि मी ते माणूस लावून पुन्हा काळ्या रंगाने भरून घेतलं होतं. पोरगा चुकला असेल, दमला असेल, आता ‘सॉरी मम्मी’ म्हणेल, म्हणून मी गप्प राहिले. फोनही गप्प राहिला. पण ‘गिरास’पासून ‘आमेन’पर्यंत जायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. मग तो पुढे निघाला, ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’, त्याच संथ, स्वच्छ आवाजात, माझा वाटा मी पुरा केल्यासारखा. मी तोंड उघडलं नाही. तो माझ्या वाट्याएवढा थांबला आणि पुन्हा निघाला. आल्ताराच्या, आमच्या देव्हाऱ्याच्या, काचेला टेकवून ठेवलेला फोन, त्याच्या मागे जळणारी मेणबत्ती, आणि त्या दोहोंच्या मधे माझ्या मापाची ती रिकामी जागा. मी त्यात असले काय, नसले काय. शेवटचं ‘आमेन’ झालं आणि नुसती शांतता उरली. शांतताही नव्हे, एक घर होतं तिथे. भांड्याला भांडं लागलं. कुकरची शिट्टी झाली. कोणी मुलगी हसली आणि लांबून हिंदीत म्हणाली, अरे, तुम्हारा वो खतम हो गया. मग पावलं आली, फोन उचलल्याची खरखर झाली आणि एकदम जवळून, ओल्या, घाईच्या, वयाने थोड्या मोठ्या आवाजात आल्विन म्हणाला, “झाला मम्मी? बरां मगे, ठेवतंय. जेवन घे येळार.”

“बरां, पुता,” मी म्हटलं. “देव बरें करूं.”

एवढंच म्हटलं. आवाज चढवणं मला कधी जमलेलं नाही. बालवाडीत शिकवत असतानासुद्धा मुलं दंगा करायला लागली की मी आवाज उतरवायची, म्हणजे ऐकण्यासाठी ती आपोआप गप्प व्हायची. फोन काळा झाला आणि त्याच्या काचेत मेणबत्ती दिसायला लागली. मी माळ हातात घेऊन तशीच बसून राहिले. फोनच्या त्या टोकाला कोणीच नव्हतं, नुसता आवाज लावून ठेवलेला होता, आणि मी मात्र रोज संध्याकाळी केस विंचरून, साडीचा पदर डोक्यावर घेऊन, दार लोटून बसत होते. माझा पहिला विचार देवाचा नव्हता, आल्विनचाही नव्हता. पदराचा होता. एखाद्याने तुम्हांला भिंतीशी बोलताना पकडावं तशी मला लाज वाटली, आणि पकडणारी ती न पाहिलेली मुलगी होती. तुम्हारा वो. वो म्हणजे आमचा तेर्स, रोज संध्याकाळची माळेवरची प्रार्थना.

आमच्याकडे तेर्साचे दोन वाटे असतात. एकाने सांगायचं, दुसऱ्याने जाप द्यायची. माझी माय आरोंद्याकडची, तिने मागणं कोंकणीतून शिकवलं, म्हणून आमच्या घरात जाप म्हणजे उत्तर. शेजारची राधाबाई पहिल्यांदा हा शब्द ऐकून म्हणाली होती, “म्हणजे आमचो जपच मां गो? माळ ता माळ.” मी तिला समजावलं होतं, तसं नव्हे, तुमच्या जपाला एकटं माणूस पुरतं, आमच्या जापेला दोघं लागतात. कोणी हाक मारल्याशिवाय ओ कशी देणार? पहिला वाटा तो देवदूताचा, मारियेला नमान करणारा, तिची तारीफ करणारा. दुसरा माणसांचा. ‘भागेवंती मारिये, देवाचे माये, आमां पापियां खातीर विनोती कर, आतां आनी आमच्या मोर्नाच्या वेळार.’ पाप त्या वाट्यात, मरण त्या वाट्यात, मागणंही त्याच वाट्यात. लहानपणी माय सांगायची आणि मी जाप द्यायची, लग्न झाल्यावर इनास सांगायला लागला. देवदूताचे शब्द कधी माझ्या तोंडी आलेच नाहीत. मला त्याचं काही वाटलंही नाही. इनासचा आवाज खणखणीत होता. बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, चार इंजिनांवरून ओरडायची सवय. तेर्स सांगायचा तेव्हा शेजारच्या पेरवाच्या झाडावरचे कावळे उडायचे. राधाबाई कुंपणापलीकडून म्हणायची, “इनासबाब, देव बहिरो नाय हा, जरा हळू सांगा.” आणि तो मधेच थांबून, माळेवरचं बोट तसंच ठेवून, म्हणायचा, “तुमचो नाय, पण आमचो लांब रवता गो राधाबाय. रोमाक.” मग पुढचा मणी. मी रागवायची. मागण्यात मस्करी नको. आता वाटतं, त्या मस्करीसकट तो तिथे होता.

तो आजारी पडला तेव्हा अर्धं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. पहिला वाटा पोरका झाला. मी अंगणातल्या खुरसाशी आंगवण केली की हा माणूस परत बोलेपर्यंत घरातला तेर्स एक दिवसही चुकणार नाही, दोन्ही वाट्यांनी, आणि शुक्रवारी मी मासळीला हात लावणार नाही. मालवणात राहून शुक्रवारची मासळी सोडणं म्हणजे काय ते इथल्यांनाच कळेल. संध्याकाळी सगळ्या वाडीत बांगडे भाजायला लागतात आणि तो वास कुठल्याही दाराला विचारत नाही. पण माझा वाटा मी एकटी निभावू शकत होते, पहिला वाटा कुठून आणणार? आल्विन तेव्हा पुण्याला नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. त्याने आपण होऊन सांगितलं, “मम्मी, मी सांगतंय फोनवरसून. तू जाप दी. पपाच्या उशीकडे फोन ठेव.” मला ते ऐकून रडू आलं होतं. तरुण मुलगा, पुण्यासारखं शहर, मित्र, कंपनी, आणि संध्याकाळी फोन उचलून तो आवशीबरोबर माळ धरणार. मी सगळ्यांना सांगितलं. देवळात सांगितलं, बाजारात सांगितलं, मासे विकायला येणाऱ्या किशोरीला सांगितलं. ती टोपली डोक्यावर चढवता चढवता म्हणाली, “नशीब लागता गो बाय. आमचो झील तर फोन केलो तर इचारता, काम काय.”

आणि सुरुवातीला तो खरंच सांगायचा. हे मला रात्रभर चाचपून चाचपून पक्कं करावं लागलं, पण त्याबद्दल शंका नाही. त्या दिवसांतला तेर्स वेडावाकडा असायचा. रस्त्यावरून चालता चालता सांगायचा, धाप लागायची, हॉर्न वाजायचे, एकदा मधेच कोणाला तरी म्हणाला, “भैया, साइड में.” मणी चुकायचा. “धा झाले मम्मी.” “न्हय रे, णव.” “धा!” “बरां, तुझे धा, माझे णव, सायबीण काय तां समजून घेतली.” आणि आम्ही दोघं हसायचो, आणि उशीवर इनासचं अर्धं तोंड हसायचं. नंतर हळूहळू सगळं सुधारलं. हॉर्न थांबले. धाप थांबली. मणी चुकेनासा झाला. आवाज एका पातळीत आला, देवळातल्या वाचकासारखा. मी सायबिणीचे, मारियेमायचे, उपकार मानले की पोराचं मन स्थिरावलं. राधाबाईला म्हटलं, “बघ, आता एक मणी चुकणा नाय तो.” फक्त चौथ्या रहस्यात, म्हणजे चौथ्या दहा मण्यांत, तिसऱ्या मण्याच्या आसपास, त्याला खोकला यायचा. कोरडा, दोनदा. वाराप्रमाणे रहस्याचं नाव बदलायचं, खोकला बदलायचा नाही. पुण्याची धूळ, मी म्हणायची. राधाबाईच्या कुंपणातला अडुळसा तोडून, काढा उकळून, गूळ घालून, बाटलीत भरून मी तो एसटीच्या पार्सलने पाठवायला लागले. पोचला का विचारलं की म्हणायचा, हो, घेतोय. खोकला मात्र जात नव्हता. कसा जाणार? तो खोकला पुण्यात नव्हताच. तो जिथे ठेवलेला होता तिथे काढा पोचण्याची सोय नव्हती.

त्याची नोकरी मला त्याने एकदा समजावून सांगितली होती. लोक कंपनीला फोन करतात, त्यांना आधी एक आवाज ऐकू येतो, अमुक हवं असेल तर एक दाबा, तमुक हवं असेल तर दोन दाबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तो आवाज कुठे किती थांबवायचा, माणसाला वाटलं पाहिजे की आपलं ऐकून घेतलं जातंय, ते ठरवण्याचं काम त्याचं. मी अभिमानाने ऐकलं होतं. पपा गेल्यावर त्याने तेवढं एक मागणं कापून दुसरं जोडलं असणार, आणि काल बोट चुकून जुन्यावर पडलं.

सकाळी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्सेला, तिथल्या उपासनेला गेले. घंटा झाली. आमच्या देवळाची घंटासुद्धा आता वेळ लावून ठेवलेली असते, कर्ण्यातून वाजते. दोर ओढणारा म्हातारा पास्कू गेल्यापासून तसंच आहे आणि मी रोज त्या आवाजावर क्रूसाची खूण करत आले. आज हात कपाळापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मिस्सेत ज्या ज्या ठिकाणी लोकांनी उत्तर द्यायचं असतं तिथे तिथे मी दिलं, पण प्रत्येक वेळी आधी फादरांच्या तोंडाकडे बघितलं, ओठ हलतायत ना. मिस्सा झाल्यावर सक्रिस्तीच्या, फादरांच्या तयारीच्या खोलीच्या, दाराशी उभी राहिले. फादर नवे आहेत, वसईकडचे, वयाने आल्विनपेक्षा थोडेच मोठे, मराठी पुस्तकातल्यासारखं बोलतात. मी मुलाचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं की फादर, आपण ज्याच्याबरोबर प्रार्थना करतो ते माणूस तिथे नसेलच, नुसता त्याचा आवाज लावून ठेवलेला असेल, तर ती प्रार्थना धरायची का?

“लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी मोबाईलवर मिस्सा पाहिलीच की, आंटी,” ते हसून म्हणाले. “देव अंतःकरण बघतो.”

“पण ती त्या वेळी चालू होती ना फादर? समोर कोणीतरी खरंच उभं होतं.”

“होतं. पण तुमची प्रार्थना तुमची आहे. समोरच्याने काय केलं त्याने ती खोटी कशी होईल?”

“आंगवण दोन वाट्यांची होती,” मी म्हटलं. त्यांना आंगवण हा शब्द कळला नाही. मी म्हटलं, “नवस.” ते म्हणाले, देव नवसाचा हिशेब ठेवत नाही, आंटी. चांगले आहेत ते. बाप्तिस्म्याची माणसं दाराशी येऊन थांबली होती, म्हणून मी हात जोडून निघाले. वाटेभर मला एकच कळेना. देव हिशेब ठेवत नसेल, पण मी तर ठेवला होता ना? एका बाजूला इनासची वाचा, दुसऱ्या बाजूला आम्हा दोघांचे रोजचे दोन वाटे. वाचा आली नाही. माणूसच गेलं. मी म्हटलं, तुझी मर्जी. सिमेतीत उभी राहून, ओल्या मातीची मूठ टाकून म्हटलं, तुझी मर्जी, आमच्याकडून जे व्हायचं ते आम्ही केलं. लोक म्हणाले, नातालीनबाय काय धीराची. तो धीर त्या एका वाक्यावर उभा होता. आमच्याकडून जे व्हायचं ते आम्ही केलं. आम्ही.

घरी आले तर राधाबाई कुंपणाशी अडुळशाची पानं तोडत होती. मला बघून तिने मूठभर पुढे केली. “घे गो. झिलाक पाठवूक. कालपण खोकलो.” मी पानं घेतली नाहीत. विचारलं, “तुका आयकाक येता?” ती म्हणाली, “येता म्हणजे? तू फोन मोठो करून ठेवतंस. माका तर आता तुमचा सगळा पाठ झाला. चौथ्या खेपेक खोकता तो. रोज. एकाच जाग्यार. मी भाकरी थापतंय मां तेव्हा, त्याच्या खोकल्यार तिसरी भाकरी तव्यार टाकतंय.”

“मगे तुका कळला नाय?”

“काय?”

“की तो… लावन ठेवलेलो आवाज आसा म्हणान.”

राधाबाईच्या तोंडावर आधी हसू आलं, मग तिला माझं तोंड दिसलं असावं, कारण ते हसू अर्ध्यात राहिलं. “गो बाय,” ती हळूच म्हणाली, “तुका ठावक नव्हता? माका वाटला, तुमीच तसा ठरवलंसात. आमच्या देवळात आरती कॅसेटीरच लागता मां. माणसां खंय आसत आता आरती म्हणूक? भटजी पण कॅसेटीबरोबर तोंड हलयता.” आणि मग, मुठीतली पानं ओच्यात टाकत, “तसो तुझो आवाज जित्तो येय मां त्याच्यात. तेव्हा माका वाटला, अर्धा जित्ता आसा, चलता.”

अर्धा जित्ता. मी घरात आले, दार लोटलं आणि पुढच्या खोलीत इनासची खाट होती त्या जागी भिंतीला पाठ लावून बसले. खाट आम्ही दिली, पण भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग राहिला आहे. आणि तेव्हा, त्या डागाकडे बघताना, रात्रभर जे माझ्या बाजूला येऊन बसत होतं आणि ज्याच्याकडे मी मान वळवत नव्हते, ते समोर आलं. इनासला इंजिनाचे आवाज ओळखता यायचे. संध्याकाळी पायरीवर बसून, समुद्र दिसत नसताना, नुसत्या धडधडीवरून सांगायचा, हा भिकाजीचा ट्रॉलर, याचा पंप बसलाय, हा दुसरा वेंगुर्ल्याकडचा, आपला नव्हे. त्याला कळलं नसेल? मी भोळी, राधाबाईला कळलं आणि मला नाही, पण त्याला? वाचा गेली होती, कान शाबूत होते. फोन त्याच्या उशीशी असायचा. पहिले दिवस तो अर्ध्या तोंडाने हसायचा, डाव्या हाताचं बोट मण्यांसारखं चादरीवर हलवायचा. आणि मग एका संध्याकाळपासून बोट हलवेनासा झाला. चौथ्या रहस्यात खोकला आला की डोळे माझ्याकडे वळवायचा. घशातून काहीतरी काढायचा, ग्यँ, ग्यँ असं. मी म्हणायची, “होय रे, खोकता तो. काढो धाडलंय.” तो डोळे मिटून घ्यायचा. मग तोंड भिंतीकडे. मी समजायची, दमला. एकदा त्याने त्या चांगल्या हाताने फोन उशीवरून ढकलला. खाली पडला, आवाज चालूच राहिला खाटेखालून. मी तो उचलला, पदराने पुसला, परत त्याच्या कानाशी ठेवला आणि हळू आवाजात त्याला रागे भरले. “रे, असा काय करतंस? पूत तुझेखातीर मागणें करता.” तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं होतं, मुलाच्या मायेने.

कदाचित तसंच असेल. कदाचित हात नुसता झटकला गेला असेल, त्या आजारात हात झटकतात. विचारायला तो नाही. तो परत बोलेपर्यंत, अशी माझी आंगवण होती. बोलला असता तर पहिलं काय बोलला असता, या विचाराशी मी आले आणि तिथून उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, परत येऊन बसले.

आल्विनचा राग करायचा मी प्रयत्न केला. येत होता, पण टिकत नव्हता. तो लहानपणी चड्डीत शंख भरून आणायचा तेच दिसायचं. माझ्या तेर्साचं तरी काय होतं? ‘आमच्या मोर्नाच्या वेळार’ म्हणता म्हणता माझं लक्ष गॅसवरच्या पेजेकडे असायचं. जीभ आपली आपण चालायची आणि मन बाजारात जाऊन सोलं घेऊन यायचं. एखादा आख्खा दाहा, दहाच्या दहा मणी, मी कुठे होते ते मला सांगता येणार नाही. मग मी आणि तो फोन, फरक काय? दुपारभर हा प्रश्न माझ्या मांडीवर बसून होता. शेवटी एवढंच सापडलं की मी भरकटायची तेव्हा परत यायची. मधेच दचकून, अगो, मी खंय होतंय, असं मनात म्हणून, सायबिणीच्या तोंडाकडे बघून पुढचा मणी घ्यायची. चूक माझी, परत येणंही माझंच. तो आवाज कधीच कुठे गेला नाही, म्हणून त्याला परत यायचं नव्हतं. पण हे सापडूनही मला सुख झालं नाही. कारण राग खरा तिथे नव्हताच. मी उठून अंगणातल्या खुरसाशी गेले. चुन्याचा पांढरा खुरीस, त्याच्या कोनाड्यात कालच्या मेणाचा ओघळ. ऑक्टोबरचं ऊन उतरत आलं होतं, कोणाच्या तरी खळ्यात भात झोडल्याचा आवाज येत होता. मी त्याला म्हटलं, तुला ठाऊक होतं. आल्विन पोर आहे, पण तुला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी एक बाई, एक लुळा माणूस आणि एक डबा, आणि तू वरून बघत होतास, आणि इनासला कळलेलंही बघत होतास, आणि मी त्याच्या कानाशी तो परत ठेवत होते तेही. एखादा वारा सोडायचास. लाईट घालवायचीस, पावसाळ्यात रोज घालवतोस. तुझ्याकडून एवढं व्हायला हरकत नव्हती. मी हे मोठ्याने म्हटलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही म्हटल्यानंतर मी ‘आमेन’ म्हटलं नाही. मेणबत्ती लावली, कारण मेणबत्तीचा नेम वेगळा आणि मेणबत्तीने काही केलेलं नव्हतं. आणि आत आले.

सात वाजत आले तसं मला कळेना की काय करायचं. फोन उचलला नाही तर नेम माझ्या हाताने मोडतो. उचलला आणि जाप दिली, तर यापुढे रोज मला ठाऊक असणार, आणि ठाऊक असून दिलेली जाप म्हणजे माझीही कॅसेट. उचलून विचारलं, का रे असं केलंस, तर तो रडेल किंवा रागावेल, सॉरी म्हणेल, आणि मग दोन दिवस धाप लागलेला तेर्स आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा… आणि पपाचं मी त्याला सांगणार का? त्या ढकललेल्या फोनचं? सांगितलं तर तो जन्मभर ते उशाशी घेऊन झोपेल. न सांगितलं तर मी घेऊन झोपेन. पदर डोक्यावर घ्यायला हात गेला आणि मी तो खाली घेतला. मग पुन्हा घेतला. पदर त्याच्यासाठी कधीच नव्हता.

कर्ण्यातली घंटा झाली. पाठोपाठ फोन वाजला.

“मम्मी, सुरू करूया?” हा त्याचा खरा आवाज होता, काठावरचा, बोट कुठेतरी दाबायच्या तयारीत असलेला.

“आज मी सांगतंय,” मी म्हटलं. “तू जाप दी.”

मग तो म्हणाला, “काय?”

“शनवार आसा. आनंदाची रहस्यां. मी सांगतंय.”

“मम्मी, माका आज जरा… एक कॉल आसा थोड्या वेळान. नेहमीसारख्या करूया मां.”

“काल पपाक बरां कर म्हणान मागलंस,” मी म्हटलं. आवाज उतरवून, बालवाडीतला.

त्याच्या मागे पंखा फिरत होता, तो ऐकू यायला लागला. मागे ती मुलगी काहीतरी विचारत होती आणि त्याने तिला गप्प केलं असावं, कारण ती वाक्याच्या मधेच थांबली. मी वाट पाहिली नाही. क्रूसाची खूण केली, पहिलं रहस्य सांगितलं, देवदूत मारियेकडे येतो ते, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द माझ्या तोंडून निघाले. ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले…’ मला वाटलं होतं तसे ते हलके नव्हते. कोणाच्या तरी दाराशी जाऊन हाक मारावी आणि आत कोणी आहे की नाही ते माहीत नसावं, तसे होते. इनास हे रोज करत होता. ‘…तुझ्या कुशीचें फळ जेजू.’ माझा वाटा संपला. मी थांबले.

बालवाडीत एक गोष्ट मी शिकले होते. मूल अडलं की पुढचा शब्द सांगायचा नाही. सांगितला की ते शब्द शिकत नाही, नुसतं तुमच्या तोंडाकडे बघायला शिकतं. थांबायचं. वर्ग हसायला लागतो, तुम्हांला घाम फुटतो, तरी थांबायचं. मी थांबले. कुंपणापलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तोही बंद झाला. मेणबत्तीचा ओघळ खाली आला. मग फोनमधून घसा साफ केल्यासारखं काहीतरी झालं, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या कडीसारखा एक आवाज, सपाट नसलेला, स्वच्छ नसलेला, म्हणाला, “भागेवंती… मारिये. देवाचे माये.” थांबला. “आमां पापियां खातीर…” पुन्हा थांबला. हा वाटा त्याने लहानपणानंतर नुसता माझ्या तोंडून ऐकला होता, तोही पुढे पुढे ऐकला नव्हता. “विनोती कर, आतां…”

आतां. आणि तिथे तो अडला. पुढचे शब्द तो विसरला होता की त्याला आठवले होते, ते मला कळायला मार्ग नव्हता. पुढे मरण होतं, आणि इनासच्या मरणाच्या वेळी तो इथे नव्हता. ते शब्द माझ्या जिभेवर होते. राधाबाईच्याही जिभेवर असतील. मी ते सांगितले नाहीत. त्याच्यावर माया नव्हती म्हणून नव्हे, आणि माफ केलं होतं म्हणूनही नव्हे. मण्यावरचं बोट मी पुढे सरकवलं नाही, एवढंच. फोनवर वेळ दाखवणारे आकडे एकेक करत पुढे जात होते, म्हणजे त्याने ठेवला नव्हता.